सात नंबरच्या घराचं दार

आमच्या ऑफिसच्या पाटीवर दोन तलवारी रंगवलेल्या होत्या. आत मात्र सगळं काम शाईचं. बुलढाण्याला माजी सैनिकांच्या कल्याणाचं जे कार्यालय होतं, तिथे मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. पाटी वाचून लोकांना वाटायचं, हा माणूस रोज शूरवीरांत वावरतो. मी वावरत होतो अर्जांत. लढाईत गोळी लागलेल्या माणसाला ती गोळी लढाईतच लागली असं तीन प्रतींत सिद्ध करून देणं, हे माझं काम. गोळी शरीरात असेल तर काम सोपं. ती काढून टाकलेली असेल तर मग पत्रव्यवहार.

गिऱ्हाइकंही एकेक होती. वडनेर भोलजीचे एक म्हातारबुवा दुसऱ्या महायुद्धात लंगरखान्यात आचारी होते. लग्नाच्या पंगतीत गावकरी आपल्याला मानाच्या पाटावर बसवत नाहीत, तरी बसवावं असा सरकारी हुकूम काढून द्या, म्हणून ते दर लग्नसराईत घाट चढून बुलढाण्याला यायचे. शेवटी मी त्यांना एक पत्र दिलं. सदर इसमाने रणांगणावर अन्न शिजवले असून त्यांस अन्नाची पारख आहे, असं त्यात लिहिलं आणि गोल शिक्का मारला. तेव्हापासून त्यांना पाट मिळू लागला. सोबत आचाऱ्याच्या चुका काढायचा हक्कही मिळाला, आणि गावाने मला शिव्या दिल्या.

शिक्क्यात अशी ताकद असते. पण त्याच शिक्क्याने माझ्या हातून एका माणसाचं जे झालं, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे. लान्स नाईक तुळशीराम घाटाखालचा, धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत.

बासष्टच्या लढाईत नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, त्याच्या खंदकाचं छप्पर खाली आलं. आत तिघं होते. दीड दिवसाने उकरून काढलं तेव्हा तुळशीराम एकटा जिवंत होता आणि बाकीच्या दोघांशी बोलत होता. फौजेने त्याला इस्पितळात ठेवलं, आणि मग ‘पुढील सेवेस अयोग्य’ असं लिहून घरी पाठवलं. घरी राहण्यास योग्य की अयोग्य, हा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

घरी थोरला भाऊ सुपडा. वाईट माणूस नव्हे, घाबरट. धाकटा भाऊ दचकतो, ओरडतो, भांडी फेकतो हे पाहून त्याने देवाधर्माचं सगळं केलं, सैलानीच्या दर्ग्याला दोनदा नेऊन आणलं, आणि गुण येईना तेव्हा त्याला कडब्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. कडी लागली की तुळशीराम भिंतीवर डोकं आपटायचा. डोकं आपटतो म्हणून कडी अधिक काळ लागायची. या उपचाराला कुटुंबाची आणि गावाची एकमुखी मान्यता होती.

त्यातून त्याला सोडवलं त्याच्या बायकोने. तिचं नाव गोकर्णा. सरकारने गावाबाहेरच्या बरड माळावर सात माजी सैनिकांना घरासाठी जागा दिल्या, त्यात तुळशीरामचा नंबर सातवा लागला. गोकर्णाने स्वतः माती तुडवून भिंती उभ्या केल्या, वर कौलं चढवली, चौकटही बसवली. चौकटीत दार मात्र बसवलं नाही.

आता सरकार जागा देतं ती अटींसह. भिंती पाहिजेत, छप्पर पाहिजे, आणि अट क्रमांक चार, ‘दरवाजा, कडी-कोयंड्यासह’. दर साली एक समिती तपासणीला जाणार, आणि अट मोडली असेल तर जागा घरासकट परत घेणार. समितीत महसूल खात्याचे नायबसाहेब, बांधकामाचे ओव्हरशियर आणि सैनिकांचा कैवारी म्हणून मी. पहिल्या तपासणीला आम्ही जीपने घाट उतरून गेलो तेव्हा त्या वसाहतीत सात घरं होती आणि एक दार.

ते दार एक नंबरच्या सुभेदार हरिभाऊंचं. अस्सल सागवानी, चुळीच्या खोबणीतून उचललं की निघणारं, पण लावायला-काढायला दोन माणसं लागायची. नायबसाहेबांना सवय होती की तपासलेल्या वस्तूवर खडूने बरोबरची खूण करून खाली सही करायची. सुभेदारांच्या दारावर त्यांनी ती केली. मग लिंबाखाली ताक आलं, शेंगा आल्या. साहेब शेंगा फोडत असताना मला घरांच्या मागून एक दार चालत जाताना दिसलं. वर दार, खाली चार पाय.

दोन नंबरच्या घरापाशी साहेब पोचले आणि थबकले. दारावर खूण, खाली त्यांचीच सही. “हे तर झालेलं दिसतंय,” ते म्हणाले आणि वहीत नोंद करून पुढे निघाले. तीन, चार, पाच आणि सहा नंबरही ‘झालेलेच’ निघाले. एवढ्या झपाट्याने काम उरकल्याचं साहेबांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मी काही बोललो नाही. ही माणसं ब्रह्मदेशापासून नेफापर्यंत जाऊन आली होती, त्यांच्या तुलनेत नायबसाहेब म्हणजे किरकोळ चकमक.

चकमक हरली ती सात नंबरला. दोघं जण दार घेऊन आलेले पाहताच तुळशीराम चौकटीत हात पसरून उभा राहिला. दार टेकवू लागले तसं त्याने ते ओढून समोरच्या मिरच्यांच्या वाफ्यात फेकलं. साहेब आले तेव्हा चौकटीत दाराऐवजी माणूस होता. “दरवाजा नाही,” साहेबांनी लिहिलं. वाफा नुकता भिजवलेला होता, म्हणून परत जाताना ते चिखलात पडलेल्या त्याच दारावरून, स्वतःच्या सहीवर पाय देत, चालत गेले. पाच खोटी घरं पास झाली आणि एक खरं नापास झालं. तीन महिन्यांत दरवाजा बसवा, नाहीतर जागा सरकारजमा.

मी मागे थांबलो. गोकर्णाने मला ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

“बाई, एक दार तर लावायचं. काऊन अडून राहिलात?” मी विचारलं. त्या भागात गेलं की माझ्याही तोंडी ‘काऊन’ यायचं.

“बाबूसाहेब, दार लागलं का ह्यो मानूस बिगडते. उघडं असलं का बरा रायते. इथं येऊन दोन सालं झाली, एक डाव बी डोस्कं आपटलं नाई. जेवते, झोपते, मिरच्या लावते. चौकटीत बसून रायते, बाहेर पाह्यते.”

“आणि चोर आला तर?”

“आमच्या घरात काय हाय चोरून न्यायले? अन् चोरानं यायचं कसं, ह्यो चौकटीतच झोपते.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “हे घर गेलं तं परत सुपडाभाऊजीच्या खोलीत जा लागते. तिथं ह्यो वाचत नाई, बाबूसाहेब. मी लेहून देतो तुमाले.”

लिहून द्यायची गरज नव्हती. मला ते कळलं. पण मला कळून काय होणार, फायलीला कळायला हवं.

मी बुलढाण्याला येऊन आमच्या सेक्रेटरीसाहेबांपुढे फाईल ठेवली. ते निवृत्त कप्तान. “आमच्या वेळी लोक असे वेडे होत नसत,” ते म्हणाले, “सरळ मरत.” नायबसाहेबांचं मत पडलं की मनोरुग्णाच्या घराला तर कडी हवीच, आणि तीही बाहेरून, त्याच्याच सुरक्षेसाठी. ओव्हरशियर म्हणाले की बिनदाराच्या बांधकामाला तांत्रिकदृष्ट्या घर म्हणताच येत नाही, तो मांडव. घर सुरक्षित असावं याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. कोणापासून कोण सुरक्षित, एवढंच विचारायचं राहून गेलं.

मीही विचारलं नाही. मला घर वाचवायचं होतं आणि नियमही पाळायचा होता, आणि असा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस सगळ्यांत घातक असतो. मी सुताराकडून नवं दार करवून घेतलं, कडी-कोयंड्यासह, आणि बैलगाडीतून सात नंबरला घेऊन गेलो. तुळशीराम ते बघून भिंतीला चिकटला.

“हे उघडंच राहील,” मी म्हणालो. “फक्त दाखवायला. कोणी लावणार नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “हुकूम हाय का शबुद हाय, साहेब?”

“शब्द आहे.”

“हुकूम असता तं इचारलं नसतं,” तो म्हणाला आणि बाजूला झाला.

दार बसलं. नायबसाहेबांनी येऊन खडूची खूण केली. मी फायलीवर ‘पूर्तता झाली’ लिहिलं आणि त्या दिवशी घरी जाऊन अभिमानाने दोन वेळा जेवलो.

पुढे पोळा आला. गावात डफडी, फटाके, बैलांची मिरवणूक. आवाजाने तुळशीराम बिथरला तर बैल उधळतील, अशी कुजबुज झाली. सुपडा आणि चार जाणती माणसं माळावर गेली. गोकर्णा नदीवर होती. तुळशीराम आत पडलेला होता. दार होतं, कडी होती, कोयंडा होता. त्यांनी ‘दोनच घंटे’ म्हणून बाहेरून कडी लावली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. दार नसतं तर त्यांना हे सुचलंही नसतं.

तुळशीरामने ते दार हातांनी तोडलं. हातांनी म्हणजे हातांनीच, घरात दुसरं काही नव्हतं. दुपारी तो नाल्याच्या पलीकडे पालथा पडलेला सापडला, बोटं सोललेली, आणि पुन्हा त्या दोघांशी बोलत होता. नेफातल्या दोघांशी.

चौथ्या दिवशी गोकर्णा एसटीने बुलढाण्याला आली. आमच्या ऑफिसात बायका आल्या की दारातच उभ्या राहायच्या, ही सरळ माझ्या टेबलापाशी आली. पदराची गाठ सोडली आणि चौकटीतून उपसलेला लोखंडी कोयंडा माझ्या कागदांवर ठेवला.

“हे तुमचं हाय,” ती म्हणाली. “घ्या.”

आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोयंडा मी खणात ठेवला. त्याला आवक नंबर द्यावा की काय, याचा मी खरोखर क्षणभर विचार केला. नोकरीने माणसाचं काय होतं ते यावरून ओळखा.

पुढच्या रविवारी मी माळावर गेलो. तुळशीराम हातांना फडकी गुंडाळून मिरच्यांना पाणी देत होता. मी म्हणालो, “तुळशीराम, माझा शब्द खोटा ठरला.” त्याने पाण्याचा पाट पुढच्या वाफ्याकडे वळवला. निघताना मात्र त्याने माझ्या पिशवीत मिरच्या घातल्या. त्या मिरच्या घरी कोणाला खाववल्या नाहीत, इतक्या तिखट.

सुभेदार हरिभाऊ मला वेशीपर्यंत पोचवायला आले. मिशा पांढऱ्या, चाल अजून कवायतीची. “बाबूसाहेब,” ते म्हणाले, “लढाईत एक रीत रायते. जो मानूस चालू शकत नाई त्याले बाकीचे उचलते. दार आमचं हाय. तुमी फक्त तारीख सांगजा.”

त्या दिवसापासून मी सरकारशी बेइमान झालो, आणि नोकरीतलं माझं एकमेव चांगलं काम सुरू झालं.

समितीची भेट ‘अचानक’ असायची. तसं पत्र मीच टाइप करायचो, वर ‘गोपनीय’ लिहायचो, लाख लावायचो. मग ऑफिस सुटल्यावर एक पोस्टकार्ड घ्यायचो आणि सुभेदारांना लिहायचो, ‘आजीची तब्येत बरी आहे. मंगळवारी येते म्हणते.’ गोपनीय पत्र पोचायला आठ दिवस लागायचे, पोस्टकार्ड दोन दिवसांत जायचं. तोवर बाकीच्या पाच घरांनी आपापली दारं केली होती, प्रश्न फक्त सातचा. मंगळवारी सकाळी वसाहतीतला कोणी तरी तुळशीरामला म्हणायचा, “चाल बे, मलकापूरले बियानं आनू,” आणि त्याला घेऊन जायचा. उरलेले सुभेदारांचं सागवानी दार उचलून सात नंबरच्या चौकटीत बसवायचे. साहेब खूण करून गेले की दार परत. संध्याकाळी तुळशीराम यायचा तेव्हा चौकट मोकळी. कधी उंबऱ्यावर खडूचा चुरा पडलेला असायचा, तो गोकर्णा लगबगीने पुसायची.

सहा वर्षं आजीची तब्येत बरी राहिली.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी नवे नायबसाहेब आले. तरुण, सडपातळ, खिशात मोजपट्टी. ते कोणाच्या घरचं ताकही पीत नसत. प्रामाणिक माणूस तपासणीला आला की गरिबाचं काही खरं नसतं. मी नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड टाकलं आणि मंगळवारी त्यांच्यासोबत जीपमध्ये बसलो.

वसाहतीजवळ आलो तर समोरून अंत्ययात्रा चाललेली. सुभेदार हरिभाऊ पहाटे गेले होते. पाचही घरचे पुरुष खांदा द्यायला, मागे सगळं गाव. साहेबांनी टोपी काढली, जीप थांबवली, यात्रा जाऊ दिली, आणि मग म्हणाले, “चला, काम करू.” वसाहतीत पुरुष कोणी नाही, दार लावायला दोन माणसं लागतात, आणि ज्याला दाराची भीती तोच घरी.

सुभेदारांच्या घरावरून गेलो. त्यांच्या चौकटीत दार नव्हतं. आत बाया रडत होत्या. अशा वेळी दार कुठे गेलं, हे विचारायचं साहेबांनाही सुचलं नाही.

सात नंबरला आलो, तर दार लागलेलं होतं.

गोकर्णा ओट्यावर उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. साहेबांनी मोजपट्टी काढली. उंची घेतली, रुंदी घेतली. कडी हलवून पाहिली. मग चौकट चाचपली.

“कडी आहे,” ते म्हणाले, “पण कोयंडा कुठे आहे?”

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. दार चुळीत बसलेलंच नव्हतं. खाली चार बोटं फट होती, आणि फटीतून दोन अनवाणी पाय दिसत होते. बोटं जमिनीत रुतवलेली. तुळशीराम आत होता. बंद घरात, अंधारात उभा राहून, ते दार तो दोन्ही हातांनी चौकटीला दाबून धरून होता.

“साहेब,” मी म्हणालो, “कोयंडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. सहा वर्षं सरकारी ताब्यात आहे. तुम्ही लिहा, पण लवकर लिहा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी जिकडे पाहत होतो तिकडे पाहिलं. त्या पायांकडे ते किती वेळ बघत राहिले ते सांगता येणार नाही, मला ते सगळ्या नोकरीएवढं वाटलं. मग त्यांनी मोजपट्टी गुंडाळली आणि वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं, ‘दरवाजा आहे. भक्कम.’ दाराला पुन्हा हात न लावता ते वळले आणि जीपकडे गेले, जाताना बाकीची घरं न बघताच.

“तुळशीराम,” मी म्हणालो, “झालं. सोड आता.”

दार हळूच मागे सरकलं. तो बाहेर आला तो घामाने निथळत. गोकर्णाने त्याच्या तोंडावरून पदर फिरवला. त्याने दार भिंतीला टेकवलं, दोन-तीन श्वास घेतले, उजेडात डोळे मिचकावले. सुभेदारांच्या मयतीला तो गेला नव्हता, दारासाठी थांबला होता. कमरेला त्याने काही तरी खोचलेलं होतं. ते काढून माझ्या हातात दिलं. सुभेदारांना लिहिलेलं माझंच पोस्टकार्ड.

“आजीची तब्येत बरी हाय ना, साहेब?”

मी मान हलवली.

“दरसाली बरीच रायते,” तो म्हणाला. “लय चिवट म्हातारी हाय.”

म्हणजे सहा वर्षं हा माणूस मुकाट्याने मलकापूरला जात होता, नको असलेलं बियाणं घेऊन येत होता, आणि आम्ही त्याला सांभाळतो आहोत असं आम्हाला वाटू देत होता.

त्याने दाराचं एक टोक उचललं. “सुभेदाराच्या घरी लावून देऊ. दिवस कलला का त्याइच्या बायाले दार पायजे.”

मी दुसरं टोक धरलं. जीपमधून साहेब बघत होते, त्यांनी हॉर्न वाजवला नाही. दार फार जड होतं. सात घरांच्या अंतरात मला दोनदा टेकवावं लागलं, आणि दोन्ही वेळा तो थांबला.